दशपर्णीतलं अकरावं पान

टोमॅटोच्या मर रोगाचा स्वभाव मोठा चेष्टेखोर. दुपारी एकच्या उन्हात झाड मान टाकतं. संध्याकाळी वारा सुटला की तेच झाड पुन्हा ताठ. मालक म्हणतो, ऊन लागलं असेल. दुसऱ्या दुपारी शेजारची दोन झाडं माना टाकतात, म्हणजे ऊन जरा जास्तच असेल. आठवड्याभरात खालची पानं पिवळी पडतात, तीही पुष्कळदा झाडाच्या एकाच अंगाची, आणि हिरव्या फळांनी लगडलेलं झाड सुतळीच्या आधाराने नुसतं लोंबकळत राहतं. तोवर बांधावर चार माणसं जमलेली असतात.

बांधावर जमलेल्या माणसाला निदान करावंच लागतं, नाहीतर त्याला चहा कोण देणार? "तात्या, पाणी जास्त झालं." "जास्त कसलं? बेड कोरडे ठणठणीत आहेत." "रोपंच खराब होती, नर्सरीवाल्याला धरा." "मल्चिंग पेपरखाली गॅस धरला असणार." एकाला शेजारच्या पोल्ट्रीचा संशय येतो, दुसऱ्याला सासुरवाडीच्या शिवारात असंच एक झाड वाळल्याचं आठवतं. पाचवा काही न बोलता फोटो काढतो आणि गटावर टाकतो. चहा उकळेपर्यंत तिकडून डझनभर औषधांची नावं येऊन पडतात. मग सगळ्यांत वडीलधारा माणूस घसा खाकरतो आणि म्हणतो, "विष मारू नका रे. पाल्याचा अर्क मारा. झाडाला झाडच तारतं."

या वाक्याला बांधावर आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

नारायणगाव, संगमनेर, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात वाळलेल्या झाडाचं दुःख किती करायचं, हे बाजारभावावर ठरतं. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, कित्येक शहरांत तो दीडशे-दोनशेच्या घरात गेला, उत्तर आणि पूर्व भारतातल्या मॅकडोनाल्ड्सने बर्गरमधून टोमॅटोच काढून टाकला आणि जुन्नर तालुक्यात टोमॅटोने कुणाला कोटीत नेलं याच्या बातम्या राष्ट्रीय वाहिन्यांवर झळकल्या. त्या महिन्यात वाळलेलं एकेक झाड मालकाच्या काळजात घुसत होतं. सप्टेंबर उजाडला आणि भाव इतके कोसळले की तोडणीची मजुरी निघेना. तेव्हा मर लागलेल्या प्लॉटचा मालक गावात सगळ्यांत निश्चिंत दिसत होता. त्याचा खर्च आधीच थांबला होता.

तर मर म्हणजे नेमकं काय? आरोपी मुख्यतः दोन आहेत. पहिली बुरशी: फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम, पोटजात लायकोपर्सिसी. नाव नीट उच्चारेपर्यंत आणखी एक झाड वाळतं. जॉर्ज मॅसी नावाच्या इंग्रज बुरशीतज्ज्ञाने १८९५ मध्ये तिची नोंद केली आणि तिला टोमॅटोचा झोपाळू रोग म्हटलं. ही बाई मातीत राहते, मुळातून आत शिरते आणि खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बिऱ्हाड करते. नळ्या तुंबतात, झाड तहानेने मरतं, तेही ठिबक चालू असताना. खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघा दिसतात. अठ्ठावीस अंशांच्या आसपासची गरम माती तिला मानवते, आम्ल जमीन आवडते आणि पीक काढून टाकलं तरी जाड कवचाचे बीजाणू मातीत ठेवून ती वर्षानुवर्षं वाट बघत बसते. खंडकऱ्याला जमीन देताना कागदावर तिचाही हिस्सा लिहायला हवा. तिची भावंडंही नामांकित आहेत: तुरीची मर फ्युजेरियमचीच, हरभऱ्याची तिचीच, आणि केळीच्या पनामा रोगाने विसाव्या शतकात ग्रो मिशेल या जातीचा जागतिक व्यापार उठवला, तोही याच घराण्याचा पराक्रम.

दुसरा आरोपी राल्स्टोनिया नावाचा जिवाणू. याला पिवळं करण्याइतका धीर नसतो. झाड हिरवंगार असतानाच दोन-तीन दिवसांत खाली बसतं.

दोघांत फरक ओळखायला एक काचेचा पेला आणि स्वच्छ पाणी पुरतं. वाळत्या झाडाचं खोड बुडाशी कापायचं आणि तुकडा पेल्यातल्या पाण्यात उभा धरायचा. थोड्या वेळात कापल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरू लागले, तर मामला जिवाणूचा. पाणी स्वच्छ राहिलं आणि खोडात तपकिरी रेघा असल्या, तर संशय बुरशीवर. फुकटात होणारी ही तपासणी गावात क्वचितच कुणी करतं, कारण ती फुकट आहे. दुकानातून आठशे रुपयांची बाटली आणली की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं; पेल्यात खोड धरून उभा राहिलेला माणूस मात्र घरच्यांना काळजीत टाकतो. आणि तोवर बुरशीनाशक जिवाणूवर पडत राहतं, तेही नेमून दिलेल्या प्रमाणात.

आता अर्काकडे वळू. अर्कांचा राजा दशपर्णी. मूळचे अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी (२०१६ चे पद्मश्री) झिरो बजेट शेतीच्या शिबिरांतून तो गावोगाव पोचवला. दोनशे लिटरचं पिंप, त्यात पाणी, गोमूत्र, शेण, हिरवी मिरची, लसूण आणि दहा झाडांचा पाला. कडुनिंब, करंज, सीताफळ, निर्गुडी, एरंड, धोतरा, रुई, घाणेरी, पपई, गुळवेल ही झाली एक यादी. दुसऱ्या गावात रुईच्या जागी कण्हेर, तिसऱ्यात पपईच्या जागी पेरू. दहावं पान कोणतं यावरून भावाभावांत अबोला धरल्याची उदाहरणं सापडतील. मिश्रण सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं आणि महिनाभर सावलीत मुरवायचं. काठी नेहमी घड्याळाच्या दिशेने फिरवायची असते. उलटी फिरवली तर काय होतं, हे पाहण्याचं धाडस कुणी केलेलं ऐकिवात नाही. चौथ्या आठवड्यात पिंपाच्या वाऱ्याच्या दिशेला असलेली बिऱ्हाडं खिडक्या लावून घेतात.

तयार अर्क गाळून पंपात भरतात आणि पानांवर फवारतात. दशपर्णीचा सारा जन्म किडींसाठी. पानं कुरतडणाऱ्या अळ्यांना आणि मावा-तुडतुड्यांना तो वास आणि ती चव नकोशी होते, इथवर ठीक. पण मर आहे मुळात आणि खोडाच्या आत. तिच्यासाठी पानावर अर्क मारणं म्हणजे पोट बिघडलं म्हणून सदऱ्याला औषध चोपडणं. तरी फवारणीनंतर दोन दिवस बरं वाटतं, आणि त्याचं श्रेय बहुतेक वेळा त्या दोन दिवसांतल्या ढगाळ हवेचं असतं. ऊन नसलं की अर्धमेलं झाडही मान वर धरतं.

झाडाला माणसाचं औषध देण्याची हौस आपल्याकडे हजारेक वर्षांची आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात झाडांनाही वात, पित्त आणि कफ होतो, आणि त्यावर वावडिंग, मोहरी अशा जिनसांची धुरी, लेप आणि पाणी सांगितलंय. या ग्रंथाचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होतं. १९९६ मध्ये सिकंदराबादहून त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. पाटाच्या तोंडाशी हिंगाची पुरचुंडी बांधणारा शेतकरी हे पुस्तक वाचून ती बांधत नाही, आणि हिंगाचा आजचा भाव पाहता सुरपालानेही दुसरं काहीतरी सुचवलं असतं. मोहरीच्या बाबतीत मात्र म्हातारा फारसा चुकला नव्हता. मोहरीवर्गीय झाडाचा पाला किंवा पेंड ओल्या मातीत गाडली की आयसोथायोसायनेट नावाचे तिखट वायू सुटतात, तेच जे मोहरी फेसताना नाकात जातात, आणि मातीतल्या कित्येक बुरश्यांना ते सोसत नाहीत. जगभर हा प्रकार आता शास्त्र म्हणून शिकवला जातो.

कडुनिंबाची गोष्ट तर थेट कोर्टकचेरीची. १९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकी कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना निंबोळी तेलाने झाडावरची बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीचं पेटंट देऊन टाकलं. बुरशीनाशक निंबोळी तेल हा त्यांचा शोध! वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिलं. त्या खटल्यात पुढे आलेला मोठा पुरावा आपल्याच मातीतला होता: १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर अशा फवारण्यांच्या चाचण्या होऊन गेल्या होत्या. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं, अपील मार्च २००५ मध्ये फेटाळलं गेलं. निंब आपल्याकडेच राहिला. मात्र या विजयाच्या भरात एक तपशील सगळेच विसरतात. ते भांडण झाडावर फवारून बुरशी मारण्याचं होतं. भुरीसारखी पानावर वाढणारी बुरशी तेलाखाली गुदमरते, यात वाद नाही. खोडाच्या आत दडलेल्या फ्युजेरियमला तेलाचा थेंब दिसतही नाही, पेटंट कुणाचंही असो.

विद्यापीठांच्या कपाटांत मात्र फ्युजेरियम हजारदा मेलेली आहे. काचेच्या बशीत बटाट्याचा अर्क आणि साखर घातलेली जेली ओततात, तीत लसणाचा, निंबाचा किंवा निरगुडीचा पाच-दहा टक्के अर्क मिसळतात आणि मधोमध बुरशीचा ठिपका ठेवतात. अर्क नसलेल्या बशीत बुरशी काठापर्यंत पसरते. लसणाच्या बशीत ती आक्रसून बसते. पट्टीने मोजायचं, टक्केवारी काढायची, प्रबंध तयार. लसूण यात नेहमी वरच्या क्रमांकात येतो आणि ते खरंही आहे, त्यातलं ॲलिसिन बुरशीला भारी पडतं. फक्त ती बशी शेतात नेऊन बघायला हवी. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो भरतं. तिच्यात दहा टक्के अर्क मिसळायचा, तर नव्वद हजार लिटर लसणाचा रस लागेल. एवढा लसूण ज्याच्याकडे आहे, त्याने टोमॅटो लावायचं कारणच काय? नुसत्या बेडपुरतं आणि मुळापुरतं ओतायचं म्हटलं तरी हिशोब टँकरमध्येच राहतो. शिवाय माती ही जेली नाही. तिच्यात असंख्य जिवाणू आहेत. अर्क उतरला की ते तो दोन-चार दिवसांत खाऊन टाकतात.

असाच हेवा वाटावा असा एक प्रयोग फ्लोरिडात झाला. तिथल्या संशोधकांनी २००३ मध्ये कुंड्यांतल्या मातीत राल्स्टोनिया सोडला आणि लागवडीआधी तीत ओव्यातलं थायमॉल, गवती चहाचं तेल आणि रोशा गवताचं तेल वेगवेगळं मिसळलं. जास्त मात्रेच्या कुंड्यांत टोमॅटोला जिवाणूची मर लागली नाही. मात्रा होती दर लिटर मातीला एक मिलीलिटरहूनही कमी, म्हणजे ऐकायला किरकोळ आणि एकराचा गुणाकार केला की शेकडो लिटर. यातलं रोशा तेल खानदेशाला नवं नाही. एकोणिसाव्या शतकात खानदेशात गवत उकळून हे तेल काढत, मुंबईच्या बंदरातून ते कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिकडे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. ज्या तेलाने तुर्कांचं अत्तर स्वस्त केलं, ते आज टोमॅटोच्या बेडात ओतायचं म्हटलं तर शेतच अत्तराच्या भावाने विकावं लागेल.

आणि आता ते अकरावं पान. दशपर्णीच्या कुठल्याही यादीत ते नसतं, कारण ते समोरच्या सरीत उभं असतं. टोमॅटोचं झाड स्वतःच एक वनस्पतिजन्य बुरशीनाशक बनवतं. त्याच्या पानांत, खोडात आणि हिरव्या फळात टोमॅटीन नावाचं द्रव्य असतं. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी ते शोधलं, तेच मुळी टोमॅटोच्या रसाने फ्युजेरियम दबते म्हणून. कितीतरी बुरश्या या टोमॅटीनपुढे हात टेकतात. टोमॅटोच्या मरीची बुरशी मात्र टोमॅटिनेज नावाचं विकर सोडते, टोमॅटीनचे दोन तुकडे करते आणि पुढच्या कामाला लागते. झाडाच्या घरात बनलेलं, ताजं, गाळून घ्यायची गरज नसलेलं, चोवीस तास मुळाशी हजर असलेलं औषध जिने पचवलं, तिला बाहेरून आणलेल्या पाल्याचं पाणी घाबरवेल अशी आशा धरणं धाडसाचं आहे.

म्हणून वनस्पती अगदीच कुचकामी ठरतात असं नाही. फक्त त्यांना पंपातून काढून मातीत घालावं लागतं, आणि झाड वाळल्यावर घालून उपयोग नाही, लागवडीच्या आधी घालावं लागतं. निंबोळी पेंड एकरी दोनशे किलोच्या आसपास बेड भरतानाच मिसळली, तर ती मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना त्रास देते. हे सूत्रकृमी मुळं भोसकून फ्युजेरियमला दार उघडून देतात, आणि दार बंद झालं की निम्मं काम होतं. झेंडूही तेच काम करतो. त्याच्या मुळांतून सूत्रकृमींना मारणारं द्रव्य पाझरतं. जुन्नरपासून नाशिकपर्यंत दसऱ्यासाठी झेंडू लावतातच, मग टोमॅटोच्या आधीचं पीक म्हणून लावला तर तोरणाला फुलं मिळतील आणि मातीला उपचार. वांगी, मिरची, बटाटा यांनंतर टोमॅटो लावू नये, हे तर कृषी खात्याच्या प्रत्येक घडीपत्रिकेत छापलेलं असतं, जी नेमकी रोपांखाली अंथरलेली सापडते.

ट्रायकोडर्मा ही वनस्पती नसून स्वतःच एक बुरशी आहे, पण दुकानात ती 'सेंद्रिय' फळीवर बसते, म्हणून तिचाही समाचार घेऊ. एक किलो ट्रायकोडर्मा शंभर किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून वाढवला आणि बेडात टाकला, तर तो फ्युजेरियमची जागा अडवतो आणि तिच्यावर जगतोही. हे सोमवारी होतं. गुरुवारी दोन झाडं वाळलेली दिसतात, मालकाचा धीर सुटतो आणि तो त्याच बेडात कार्बेन्डाझिमची आळवणी करतो. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे; त्याला मित्रबुरशी आणि शत्रुबुरशी यांतला भेद कुणी शिकवलेला नाही. ट्रायकोडर्मा जागच्या जागी मरतो. पुढच्या आठवड्यात बांधावर निकाल लागतो: "ते जैविक-बिविक काही खरं नाही."

मरीवर आजवरचा सगळ्यांत खात्रीचा वनस्पतिजन्य उपाय मात्र फारसा कुणाच्या यादीत नाही. तो उपाय म्हणजे वांगं. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने निवडलेल्या वांग्याच्या काही जाती राल्स्टोनियाला दाद देत नाहीत. त्यांच्या रोपावर टोमॅटोचा शेंडा कलम करतात. टोमॅटोची लायकोपर्सिसी तर वांग्याच्या वाटेला जातच नाही, तिला फक्त टोमॅटो कळतो. जपानी शेतकऱ्यांनी १९२० च्या दशकातच कलिंगड भोपळ्यावर बांधून फ्युजेरियमला असं चकवलं होतं. वर टोमॅटो, खाली वांगं, मधे एक छोटीशी क्लिप. उकळणं नाही, ढवळणं नाही, शेजाऱ्यांच्या खिडक्या उघड्या. अडचण एकच: कलमी रोप साध्या रोपाच्या कित्येक पट महाग पडतं. पण दरवर्षी मर लागणाऱ्या रानात हिशोब उलटाही पडू शकतो, कारण मेलेल्या झाडाला बांबू, तार, सुतळी आणि मल्चिंगचा खर्च जिवंत झाडाइतकाच आलेला असतो. बिया घेतानाही हेच: फ्युजेरियमला प्रतिकार करणाऱ्या जाती उपलब्ध आहेत, आणि त्यांच्यात घातलेली पहिली जनुकं टोमॅटोच्या बोराएवढी फळं देणाऱ्या एका रानटी नातलगाकडून आली आहेत.

शेवटी दुकान. तिथे हल्ली 'शंभर टक्के हर्बल' बाटल्यांची वेगळी रांग असते. एकाच लेबलवर मर, करपा, भुरी, व्हायरस, अळी, फुलगळ आणि 'फळाला चकाकी'. एवढ्या गुणांचा माणूस भेटला तर लोक त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, बाटलीवर ठेवतात. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली, वनस्पतिजन्य असो वा रासायनिक, रोगकिडीवर चालतं म्हणून विकलं जाणारं औषध नोंदणी झालेलं असावं लागतं, आणि त्याचा नोंदणी क्रमांक, पीक आणि रोग लेबलवर छापावा लागतो. तो क्रमांक शोधा. बाटलीवर देवाचं चित्र मोठं आणि क्रमांक गायब असेल, तर ती जागच्या जागी ठेवा. क्रमांक असला तर टोमॅटोच्या मरीचं नाव तिथे आहे का ते वाचा आणि पक्कं बिल घ्या. आणि दुकानात जाण्याआधी घरातला एक काचेचा पेला घेऊन प्लॉटवर जाऊन या.